दीड किलो दाबावर राजूरचा चढ

राजूरकडून परत आलेला माणूस डोंगरांबद्दल बोलतो, धरणाबद्दल बोलतो, तिथल्या तांदळाच्या वासाबद्दल बोलतो. मीही तिकडूनच आलोय. पण मला सगळ्यात बारकाईनं आठवतं ते घाटाच्या पायथ्याचं एक पत्र्याचं शेड आणि तिथलं बशीएवढं एक घड्याळ. ते घड्याळ वेळ दाखवत नव्हतं, पेट्रोलचा दाब दाखवत होतं. डोंगर होते, चांगले होते. मी त्यांच्याकडे पाठ करून उभा होतो.

आधी गाडीची ओळख करून देतो. एकवीस वर्षांची आहे. वडिलांनी घेतली, मग माझ्याकडे आली. आमच्या नगरच्या सावेडीत ती झकास चालते, कारण सावेडीत चढ नाही आणि मला घाई नसते. गेल्या दिवाळीनंतर मात्र तिला एक खोड लागली. सपाटीवर काही नाही. पण चढ आला, किंवा पुढच्या वाहनाला ओलांडायला जरा जोर मागितला, की ती जागच्या जागी हुंदके द्यायची. पाय दाबावा तितकी हळू व्हायची.

आता खरं तर अशा वेळी माणसानं आधी दुखणं शोधावं. आमच्याकडे तसं करत नाहीत. आमच्याकडे लग्नातल्यासारखा मानपान असतो. शेजारचे काका म्हणाले, प्लग गेलेत. प्लग बदलले. न बदलावेत तर काका दुखावणार, रोज जिन्यात भेटतात. बायकोचे मामा म्हणाले, फिल्टर. मामांचा शब्द मोडायचा नाही, फिल्टर बदलला. सकाळी फिरायला येणारे एक गृहस्थ म्हणाले, कॉइल. त्यांचं माझं नातं काही नाही, पण ते निवृत्त अभियंता आहेत, म्हणून कॉइल बदलली. प्रत्येकाच्या नावानं एकेक नवा पार्ट गाडीला चढला आणि गाडी होती तशीच राहिली. शेवटी थोरला मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमचा फ्युएल पंप गेलाय." मेहुण्याचा मान मोठा, म्हणून पार्टही मोठा. नवा पंप आणून खोक्यासकट डिकीत ठेवला. राजूरहून आल्यावर बसवायचा होता.

शनिवार : सावेडी ते राहाता

जायचं कारण म्हणजे आत्या. इंदूआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय एकोणऐंशी, मुक्काम राहाता. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन तिला वीसेक वर्षं झाली, पण ती बातमी अजून तिच्या आवाजापर्यंत पोचलेली नाही. तिची पहिली नेमणूक राजूरच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत असलेल्या एका वाडीवर. तिथल्या पहिल्या वर्गातली पोरं आता पासष्टीच्या पुढे आहेत. त्यांनी तिला बोलावलं होतं. शाल-नारळ वगैरे ठीक, पण त्यांची खरी मागणी वेगळी होती : बाईंनी पुन्हा एकदा हजेरी घ्यायची. मुख्याध्यापकांना ते जुनं हजेरीपुस्तक माळ्यावर सापडलं होतं. रविवारी सकाळी अकरा वाजता. काही जण त्यासाठी नाशिकहून, मुंबईहून यायचे होते.

वाडीवाले गाडी पाठवत होते. आत्यानं नको म्हटलं. "माझा भाचा आहे की," म्हणाली. हे वाक्य तिनं मला फोनवर वाचून दाखवल्यासारखं सांगितलं, आणि मी इतका फुगलो की गाडीला काय झालंय हे सांगायचं राहूनच गेलं.

शनिवारी दुपारी मी आणि बायको, वंदना, निघालो. नगर-मनमाड रस्त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांचा विश्वास बसणार नाही. उसाचे दिवस होते. राहुरीच्या पुढे एका ट्रॅक्टरमागे अडकलो. दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी लग्नातलं गाणं. मी तीनदा ओलांडायला गेलो. तिन्ही वेळा अर्ध्यात गाडी हुंदकली आणि मी मुकाट्यानं मागं आलो. चौथ्या वेळी ट्रॅक्टरवाल्यानंच वळून पाहिलं, आणि म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला देतात तसा हात दाखवून ट्रॅक्टर कडेला घेतला.

"थँक्यू म्हणा त्याला," वंदना म्हणाली.

"मी मायलेज राखत होतो," मी म्हणालो.

"मग कोल्हारपर्यंत त्याच्याच मागे राखायचं होतं."

राहात्यात पोचलो तेव्हा आत्या दारातच उभी. पिशवी भरून, कडी लावून, उद्याच्या प्रवासाला आजच तयार. जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते आणि बाजरीची भाकरी. आमच्या सावेडीत पाहुण्याला आधी विचारतात, वाढू का? आणि तो नको म्हणेपर्यंत थांबतात. आत्या विचारत नाही. ताट रिकामं दिसलं की तिला वर्गातली रिकामी पाटी दिसल्यासारखं होतं. मी चौथ्यांदा शेंगोळे संपवले तेव्हा ती म्हणाली, "पक्या, गाडी बरी आहे ना रे?"

"एकदम."

"नाही, तू फार जेवतोयस. लहानपणी काही लपवायचं असलं की तू असाच जेवायचास."

मी पाचव्यांदा वाढून घेतले.

रविवार : राहाता ते संगमनेर

सातला निघालो. आत्या मागच्या सीटवर, पांढरी साडी, निळे काठ. हातात खडूची पेटी. तिकडे खडू मिळत नाहीत का, म्हटलं तर म्हणाली, "मिळतात. पण ते करकरतात." बाभळेश्वर, लोणी असं ऊन अंगावर घेत गेलो. कालव्याला पाणी होतं. पेरूच्या बागांत बायका पाट्या घेऊन शिरत होत्या. आत्या गप्प होती, बोटांवर काहीतरी मोजत होती. मला वाटलं, जप. वंदनानं हळूच विचारलं.

"नावं आठवतेय गं," आत्या म्हणाली. "पुस्तकात बघून घेतली तर काय हजेरी? वाचणारा तर पोस्टमनही वाचतो."

मग थोड्या वेळानं, "वंदू, मला इथं काहीतरी चावतंय."

"मुंग्या असतील," मी म्हणालो. "जुनी गाडी आहे."

"जुन्या गाडीला मुंग्या लागतात? मग मला कशा नाही लागल्या?"

संगमनेरच्या अलीकडच्या एका उड्डाणपुलावर गाडी पहिल्यांदा जोरात हुंदकली. आता इथं माझ्या हातून जे झालं ते लिहिताना लाज वाटते. घड्याळात साडेआठ झाले होते. गाडी कशीबशी चालत होती. शहाण्या माणसानं तशीच हळूहळू नेली असती. पण मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिलेला होता. त्यात एक हसतमुख इसम म्हणत होता की नव्या प्लगांपेक्षा मूळचे प्लग कधीकधी बरे असतात. माझे मूळचे प्लग डिकीत, जुन्या मोज्यात गुंडाळलेले होते. मी गाडी एका हॉटेलापुढे लावली, बाह्या सरसावल्या आणि प्लग बदलायला घेतले.

एक तास. चौथा प्लग निघता निघेना. हॉटेलातली चार माणसं चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि माझ्याभोवती उभी राहिली. चौघांनी चार पार्टांची नावं घेतली. वंदनानं त्यांना विचारलं, "तुमच्यापैकी आमचे नातेवाईक कोणी नाही ना?" नाही म्हणाले. "मग बरं झालं," ती म्हणाली.

साडेनऊला निघालो. गाडी होती तशी. माझे हात तेवढे काळे झाले होते.

अकोल्याच्या पुढे

आमच्या नगर जिल्ह्यातलं अकोलं मागं पडलं की देश बदलतो. ऊस संपतो, भाताची कापलेली खाचरं सुरू होतात, आणि समोर डोंगर एकदम जवळ येऊन उभे राहतात. आत्या खिडकीशी सरकली. "तेव्हा मी इथून चालत गेले होते," म्हणाली. "एसटी इथवरच यायची." मी म्हणणार होतो की आता बघ, गाडी कशी दारापर्यंत जाते. तोंड उघडलं आणि चढ लागला.

पहिला गिअर. गाडी हुंदकली, थरथरली, आणि थांबली. पुन्हा चालू केली, चार हात गेली, थांबली. सव्वादहा. मागे काही अंतरावर, चिंचेखाली, एक पत्र्याचं शेड मघाशी दिसलं होतं. मी ब्रेक हलकेच सोडला आणि गाडी उताराला उलटी घरंगळत नेली. उलट्या दिशेनं तिनं उत्तम पिकअप घेतला.

शेडात भागवत मिस्त्री होते. पन्नाशीचे, अंगात बंडी, कानाला पेन्सिल. रविवार असूनही होते, हे आमचं नशीब. मी उतरताच सांगायला सुरुवात केली : "पंप गेलाय. नवा पंप माझ्याकडे आहे. बसवा पटकन, अकराला पोचायचंय."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. "पंप गेलाय हे कोनी मोजलं?"

"मोजलं नाही. मेहुण्यानं सांगितलं."

"मेहुने काय करत्यात?"

"बँकेत आहेत."

"बरं," मिस्त्री म्हणाले, आणि त्या एका शब्दात मेहुण्याचं खातं बंद केलं. "आन काय काय बदललं?"

मी यादी सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, चोरी झाली म्हून सगळं गाव धरून हानल्यावानी झालं हे. मी सोळा वर्सं नागापूरला यमायडीशीत हुतो, क्वालिटी खात्यात. तिथं एकच शिकलो. मोजल्याबिगर माल पास न्हाई, आन मोजल्याबिगर नापासबी न्हाई."

"पण वेळ नाहीये हो."

"त्येच सांगतो. टाकीवरचं झाकन उघडायचं, पंप काडायचा, नवा बसवायचा, दीड तास. समजा पंप चोर न्हाई निगाला, तर? मंग तुमचं अकराबी गेलं आन बाराबी. मोजाया अर्धा तास द्या. मंग काय ते नीट सांगतो."

एकच डाव होता. बसवायचा तर पंप, नाहीतर मोजणी. दोन्हींना वेळ नव्हता. मी विचारलं, वाडीकडे जाणारी दुसरी गाडी? जीप नवाला गेली, आता दुपारी. त्यांची मोटारसायकल होती, पण आत्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तिला पाय टाकून बसता येत नाही. फोनला रेंज नव्हती. मी आतून पुरता रडकुंडीला आलो होतो आणि बाहेरून म्हणत होतो, "तरी मला वाटतं पंपच."

आत्या गाडीतून उतरून माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"पक्या," ती म्हणाली. "शेवटच्या पानावरचं उत्तर आधी बघून मग गणित मांडणारी पोरं मी ओळखायचे. त्यांची रीत कायम चुकलेली असायची. मोजू दे त्यांना."

मिस्त्रींनी तिला वाकून नमस्कार केला. "शाळंच्या बाई हाय वाटतं तुमी." मग शेडामागच्या घराकडे ओरडून चहा सांगितला आणि आत्याला, वंदनाला तिकडे धाडलं. मला म्हणाले, "खिशात काडीपेटी, बिडी काय असंल तर तिकडं ठिवा. आता पेट्रोल उघडं व्हनार."

मग त्यांनी ते बशीएवढं घड्याळ काढलं. पुसलं. आधी लाइनीतला दाब उतरवला, जोडावर फडकं धरून, म्हणजे पेट्रोल तोंडावर उडू नये. मग फिल्टरच्या पुढे तीन तोंडांची नळी घालून घड्याळ मध्ये जोडलं. मला म्हणाले, किल्ली फिरवा, गाडी चालू करू नका. मागच्या सीटखालून दोन सेकंद गुणगुण आली.

"पंप जित्ता हाय," मिस्त्री म्हणाले. काटा हलला. "आता चालू करा."

गाडी उभी, नुसतं इंजिन चालू. काटा अडीच किलोवर. "हे बराबर हाय. म्हून तुमच्या सावेडीत चालती. आता दाबा पाय." मी पाय दाबला. काटा वर जायच्या ऐवजी खाली आला, दोन, पावणेदोन, दीड. इंजिनानं तोच ओळखीचा हुंदका दिला. इतके महिने ज्याला मी गाडीचा स्वभाव समजत होतो तो काट्यावर एका आकड्यात बसलेला पाहून मला चमत्कारिक वाटलं.

"दिसलं का? जोर मागितला की दाब पडतोय. पेट्रोल पुरंना." त्यांनी जाडसर चिमट्यानं टाकीकडे परत जाणारी नळी क्षणभर दाबली. "आता परतीची वाट बंद. दाब सोडनारा नग खराब असंल तर काटा एकदम उडाया पायजे." काटा आळसावून थोडा वर सरकला. "न्हाई उडला. म्हंजी तो चोर न्हाई. फिल्टर नवा, त्योबी न्हाई. ऱ्हायलं मागलं."

"म्हणजे पंप!" मी जवळजवळ आनंदानं ओरडलो. मेहुणा जिंकला होता.

"दमा की. पंपाला खायला पुरतं मिळतंय का, ते बघू. उपाशी बैलाला म्हातारा म्हनत न्हाईत." त्यांनी मीटर काढलं. बॅटरीपाशी मोजलं : इंजिन चालू असताना चौदा व्होल्टच्या घरात. मग म्हणाले, मागची सीट उचला.

मी म्हणालो, "सीट कशाला?"

"पंपाची वायर तितंच असती."

इथं वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. गेल्या दिवाळीला मी एकटा राहात्याला आलो होतो. आत्यानं वंदनासाठी पाच किलोचा डबा भरून काकवी दिली होती. ओळखीच्या गुऱ्हाळावर स्वतः बसून काढून घेतलेली. तो डबा मी मागच्या सीटवर ठेवला, आणि त्याला पट्टा लावायचा कंटाळा केला. कोल्हारच्या पुढे एका खड्ड्यात डबा आडवा झाला. मला कळलं तेव्हा सगळी काकवी सीटच्या फटीत गेली होती. मी वरवर पुसलं. घरी जाऊन वंदनाला सांगितलं की यंदा आत्यानं काकवी दिली नाही. आणि आत्यानं फोनवर विचारलं तर सांगितलं की सगळ्यांना फार आवडली. दोघी एकमेकींशी थेट फोनवर बोलणार नाहीत याची काळजी घेतली. आदल्या रात्री जेवताना त्या जरा जपून जपून बोलत होत्या, तेही मी पाहिलं होतं आणि प्रवासाच्या शिणवट्यावर ढकललं होतं.

मिस्त्रींनी सीट उचलली. खाली मुंग्यांची पंढरी भरलेली. टाकीवरच्या झाकणाभोवती काळा, चिकट थर. त्यातच पंपाच्या वायरीचा जोड, हिरवा पडलेला. त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काकवी हाय ही."

मी मुंग्या झटकायला लागलो.

त्यांनी जोडावर मीटर लावलं. तिकडे चौदा होते, इथं साडेनऊ. मग बॅटरीपासून पंपापर्यंत दोन मोकळ्या वायरी थेट जोडल्या आणि म्हणाले, "आता दाबा पाय." काटा अडीचवरून तीनकडे गेला आणि तिथंच ठाम राहिला. इंजिन असं गरजलं की चिंचेवरचे बगळे उडाले.

"पंप एकवीस वर्सांचा हाय आन तुमच्या-माझ्यापरीस ठणठणीत हाय," मिस्त्री म्हणाले. "वीज वाटंतच गोड खायला थांबत हुती."

त्यांनी गरम पाण्याच्या फडक्यानं, मग ब्रशानं, मग ब्लेडच्या पात्यानं घासून जोडाच्या पिना पांढऱ्या केल्या. पंपाची अर्थिंगची तार जिथं पत्र्याला जोडली होती तो स्क्रूही गंजला होता. तो काढून, पत्रा खरवडून पुन्हा आवळला. सगळं सुकू दिलं. घाई मला होती, त्यांना नव्हती. मी हळूच म्हणालो, "मिस्त्री, आमच्या मंडळींना... वायर ढिली झाली होती, एवढंच सांगितलं तर?"

ते स्क्रू आवळत होते. "मी खोटं बोलत न्हाई. पन मला कोनी इचारलंच न्हाई, तर मी का सांगू?"

कुणी विचारलं नाही. वंदना आणि आत्या आल्या त्या कोऱ्या चहाचं आणि खुरासणीच्या चटणीचं कौतुक करत. निघालो तेव्हा बाराला दहा कमी होते. चढ गाडीनं तिसऱ्या गिअरमध्ये घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी ओलांडायला मिळावं असं वाटत होतं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मागे आत्या खडूची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. बोटांवर मोजणं थांबलं होतं.

"गेली असतील रे," ती एकदाच म्हणाली. "मुंबईची तर नक्कीच. त्यांना परतायचं असतं."

संगमनेरचा एक तास माझ्या डोळ्यांपुढे होता, मोज्यातल्या प्लगांसकट.

वाडी

गेलेली नव्हती. शाळेच्या व्हरांड्यात चपलांची रांग होती. एका खोलीत सतरंजीवर साठ-सत्तर माणसं मांडी घालून बसलेली. टोप्या, धोतरं, नऊवारी, दोन सफारी. पुढच्या दोन रांगांत आत्याची पोरं. एकदम सगळी उभी राहिली, गुडघे जितकी साथ देतील तितक्या वेगानं. आत्या पाय उचलून उंबऱ्यावर ठेवणार, तेवढ्यात एक उंच, वाळका म्हातारा दारात आडवा आला.

"थांबा बाई. उशीर झाला."

आत्यानं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "सोम्या?"

"व्हय. सोमाच." फॉरेस्टात नोकरी करून निवृत्त झालेला हा सोमा, हे मला मागाहून कळलं. तो आमच्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईंचा कायदा हुता. उशिरा येनाऱ्यानं दारात उभं ऱ्हायचं आन कारन सांगायचं. पटलं तर आत. आमी गुरं सोडून पळत यायचो तरी बाई इचारायच्या, का उशीर? आता बाईंनी सांगावं."

खोली हसली. मलाही हसू आलं. आत्याला आलं नाही. तिनं उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला आणि दाराच्या बाहेर ताठ उभी राहिली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "कारण ह्याला विचारा. हा माझा भाचा. ह्यानं मला आणलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "गाडी बिघडली."

"गाडी काय, माझीबी बिगाडती," सोमा म्हणाला. "का बिगाडली?"

"वायर ढिली झाली होती."

"का झाली?"

दुसऱ्या रांगेतली एक म्हातारी, पदर सावरत, आतून म्हणाली, "खरं सांगून टाका, दादा. बाईंना खोटं लगीच कळतं. मी एकदा पोटात दुखतंय सांगितलं हुतं, अजून आठवतंय."

आता मी दुसरं काहीतरी सांगू शकलो असतो. पंपाचं, दाबाचं, व्होल्टेजचं. मला आता सगळं येत होतं. पण दारात आत्या उभी होती, एकोणऐंशी वर्षांची, माझ्यामुळे, स्वतःच्या पहिल्या वर्गाच्या बाहेर. मी सांगितलं. डबा, पट्टा, कोल्हारचा खड्डा, सीटची फट, आणि दोन्ही खोट्या गोष्टी, ज्या क्रमानं बोललो त्या क्रमानं.

मला वंदनाकडे बघायचं नव्हतं, पण ती शेजारीच होती.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "आत्याबाई मला विसरल्या नव्हत्या."

"आणि मी म्हणत होते," आत्या तिच्याकडे वळली, "हिला काकवी आवडली नसेल. चार महिने झाले, एका शब्दानं बोलली नाही. म्हटलं, शहरातल्या पोरी, गोड खात नसतील."

"अहो, मी तुमची वाट बघत होते. दरवर्षी द्यायच्या."

दोघींनी एकमेकींचे हात धरले. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं आणि ते मला सोयीचं होतं. सोमानं मागे वळून वर्गाला विचारलं, "पटलं का रं?"

"पटलं!" साठ-सत्तर गळे.

"या बाई, आत." त्यानं वाट सोडली. आत्या आणि वंदना आत गेल्या. मी पाय उचलला, तसा त्याचा हात पुन्हा आडवा आला. "तुमी थांबा. बाईंचा उशीर पटला. तुमचा न्हाई पटला."

मी बाहेरच राहिलो, व्हरांडा उतरून अंगणात. खिडकीतून दिसत होतं. आत्यानं खुर्ची बाजूला केली, पेटीतून खडू घेतला, फळ्यावर वार आणि तारीख लिहिली. हजेरीपुस्तक टेबलावर होतं. ते तिनं उघडलं नाही. डोळे मिटून एकेक नाव घेतलं. "हजर, बाई." "हजर, बाई." जाडे, बसके, खोकणारे आवाज. एका नावाला कुणी बोललं नाही. आत्या थांबली. कुणीतरी हळूच सांगितलं, "न्हाई तो, बाई. दोन वर्सं झाली." आत्यानं मान हलवली, तेच नाव पुन्हा एकदा घेतलं, आणि क्षणभर थांबून पुढे गेली. असं चार वेळा झालं. एकही नाव ती चुकली नाही.

शेवटचं नाव झालं तेव्हा तिनं डोळे उघडले. "कोण राहिलं का?"

"भायेर एक हाय, बाई," सोमा म्हणाला.

आत्यानं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"त्याला राहू द्या," ती म्हणाली. "अजून पाच मिनिटं. वंदू, ऊन लागत असेल तर म्हणावं, व्हरांड्यात सरक."

मी सरकलो.